शिवपुत्र अण्णांचा पांढरा ठिपका

भूकंपाचा धक्का बसला की माणसं घरातनं बाहेर पळतात. आमचे शेजारी शिवपुत्र अण्णा बाहेरनं आत पळायचे. एकदा तर अंगाला साबण, कमरेला ओला पंचा, अशा अवतारात आख्ख्या गल्लीसमोरनं पळत गेले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि अण्णा पळता पळता ओरडत होते, "कुणी हलू नका! आहे तिथं उभा ऱ्हावा! माझा कागद खराब होतंय!"

आत म्हणजे त्यांच्या घरात नव्हे. रत्नागिरी रस्त्याला कोल्हापूर जिथं संपायचं, तिथल्या माळावर एक दगडी खोली आहे. खोलीच्या मागं खड्डा, खड्ड्याच्या तळाशी काळा खडक आणि खडकावर पाणी तापवायच्या बंबाच्या पिल्लासारखं दिसणारं एक यंत्र. वर लोखंडी झाकण. यंत्रातनं दोन वायरी निघून खोलीत येतात. खोलीत एक गोल डबा संथ फिरत असतो, त्याला काजळी धरलेला कागद गुंडाळलेला आणि त्या काजळीवर रात्रंदिवस रेघ ओढत बसलेली सुई. जमीन गप असली की रेघ सरळ. जमीन हलली की सुई वरखाली नाचते, काजळी खरवडली जाते आणि काळ्यावर पांढरी नक्षी उमटते. ही भूकंपाची चौकी, आणि अण्णा तिचे हवालदार, कारकून, शिपाई सगळं काही.

अण्णा मूळचे गडहिंग्लजच्या पलीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही. किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर ही चौकी उभी राहिली आणि तिच्याबरोबर अण्णा आणि त्यांच्या बायको रत्नव्वा माळावर राहायला आले. कागदाला काजळी धरायची ती रॉकेलच्या दिव्यावर, रोज सकाळी. त्यामुळं अण्णांच्या कपाळाला विभूती आणि नाकाच्या शेंड्याला काजळी, हा ठरलेला शृंगार. मी विचारायची, "अण्णा, दृष्ट लागू नये म्हणून लावता काय हो?" ते म्हणायचे, "तुझीच लागती, बाळाक्का."

बाळाबाई म्हणजे मी. माझं मसाला कांडप आहे. लोखंडी मुसळं धाडधाड उखळात आपटतात आणि मिरची, धणे, खोबरं, लसूण कुटून कोल्हापूरकरांची वर्षाची चटणी तयार होते. आता जमिनीची नाडी बघणाऱ्या माणसाच्या बोडक्यावर कांडप काढायची बुद्धी कुणाला होईल? आम्हाला झाली. घर बांधलं तेव्हा त्या दगडी खोलीत कसला तरी पाण्याचा पंप असेल असं आमचे मालक म्हणाले होते. मालकांचे अंदाज असेच असतात.

पहिल्याच दिवशी मशीन चालू केलं आणि अण्णा काजळी लागलेल्या नाकानं दारात उभे. म्हणाले, "अक्का, कोयनेला हललंय का तुझ्या शेडात हललंय, मी कसं वळखायचं?"

मी म्हणाले, "वास घ्या की. मिरचीचा आला तर माझा."

पण अण्णा माणूस गोड. मशीन कधी चालू, कधी बंद, एवढं मी सांगायचं आणि ते कागदावर तेवढा भाग सोडून द्यायचे, असा आमचा तह झाला. चार दिवस जमीन गप राहिली तर अण्णांचं तोंड उपवास धरल्यागत दिसायचं. वारणेकडं नाहीतर कोयनेकडं लहानसा धक्का बसला की स्वारी खूश. भिंग घेऊन कागदावर वाकायचे आणि बोलवायचे, "ये, बघ. पयला हिसका बघ. मागनं सुई कितीबी नाचू दे. सुरवातीला वर गेली का खाली गेली, सगळं त्यात हाय."

"त्यात काय हाय?"

"ते मला काय ठावं? मी वर का खाली एवढं कळवतो. फुडचं पुण्याच्या हापिसात ठरतंय."

अख्ख्या माळाला ते अभिमानानं सांगायचे की आपण पहिला हिसका कधी चुकवलेला नाही. बाजारात भाजी घेताना सांगायचे, केस कापताना सांगायचे. एकदा पेठ वडगावच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाला सांगितलं, आणि नवरदेव बिचारा हार घालायचं सोडून "व्हय, व्हय" करत बसला.

सत्त्याण्णवचा दसरा आला. खंडेनवमीला मी मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, मुसळांना हळदकुंकू लावून पूजा केली. रत्नव्वा बघायला आल्या आणि फणकाऱ्यानं घरी गेल्या. मला इकडं ऐकू येत होतं, "हिच्या मिरच्या कुटायच्या मशीनला एवढा थाट! आणि आपल्याला जेवू घालतंय ते यंत्र खड्ड्यात, अन् फूल झाकणावर! यंदा आतनं वर काढा. नीट पूजा करू." अण्णांनी थोडी कुरकुर केली. पण खंडेनवमी, त्यात रत्नव्वा. यंत्र वर निघालं, पुसलं, ओवाळलं, परत खाली गेलं. मला प्रसादाचा पेढा मिळाला. छान होता.

फेब्रुवारीत, ब्याडगी मिरची बाजारात यायला लागली आणि माझ्या दारात पोती उतरायला लागली तेव्हा, पुण्याहून फोन आला. फोन आमच्याच शेडात होता, तेव्हा मी कान देऊन ऐकलं असं कुणी म्हणू नये. कान तिथंच होते. अण्णा "व्हय साहेब, व्हय साहेब" म्हणत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू बसत चालला होता.

फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की माझ्या हातातलं सूप थांबलं.

"चौकी बंद करतेत," अण्णा म्हणाले. "माझं वाचन बाकीच्या चौक्यांशी जुळत न्हाय म्हणतेत. गाव जवळ आलंय, आवाज वाढलाय, सुई काय बी दाखवती म्हणतेत. मला पुण्याला घेणार. टपालात. लिफाफे चिकटवायला."

"मग बरं की. पुण्यात..."

"तुझ्या मशीननं खाल्लं मला, बाळाक्का!"

ते गेले आणि त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. अण्णांचा अबोला म्हणजे माझी उपासमार. चेष्टा करायची तर समोरच्यानं उत्तर द्यायला नको का? मी दारातनं ओरडायची, "अण्णा, नाकाची काजळी पुसली वाटतं!" तिकडनं गप. लिफाफ्यापेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. ते रत्नव्वांना म्हणत होते, "आपुन पयला हिसका खोटा कळवला म्हणतेत. मी खोटा?"

आठवड्यानं पुण्याहून बाई आल्या. चौकी बंद करण्याआधी शेवटची तपासणी. नाव वर्षाराणी, भूकंपातल्या डॉक्टर. मला वाटलं आता चष्म्यावरनं इंग्रजी ऐकावं लागणार. बाई जीपमधनं उतरल्या आणि पहिलं वाक्य काय म्हणावं त्यांनी? "मावशी, वासानं जीव चाललाय. भाकरीबरोबर वाईच चटणी मिळंल काय?" गारगोटीची पोरगी निघाली! आमच्यातलीच. मी तिला जेवायलाच बसवलं. अण्णा नाइलाजानं माझ्या शेडात आले, कारण साहेब माझ्या शेडात जेवत होत्या. मागोमाग रत्नव्वा आल्या.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "मॅडम, एक सांगा. हे वर का खाली, वर का खाली, ह्यांनी डोस्कं उठवलंय आमचं. त्यातनं कळतंय तरी काय?"

"जमिनीत भेग कशी हलली ते कळतंय," बाई म्हणाल्या. "थांबा. दोन पाट द्या. आणि धणे."

मी दिले. बाईंनी फरशीवर धणे पसरले आणि मधोमध दोन पाट एकमेकांना चिकटून ठेवले. "ही मधली फट म्हणजे भेग. आता हा पाट मी पुढं ढकलते, तो मागं ओढते." पाट सरकले. प्रत्येक पाटाच्या पुढचे धणे रेटले जाऊन त्यांचा ढीग झाला आणि मागं मोकळी फरशी उघडी पडली. "बघा. चार कोपरे झाले. दोन कोपऱ्यांत रेटा, दोन कोपऱ्यांत ओढ. रेट्याच्या बाजूला चौकी असली की जमिनीचा पयला हिसका तिला वर उचलतोय. ओढीच्या बाजूला असली की खाली. पाट नंतर थरथरत बसू देत, पयला हिसका तेवढा खरं सांगून जातोय."

अण्णा पाटांजवळ सरकून बसले. इतकी वर्षं हिसके कळवले, पण त्यांना हे कुणी दाखवलं नव्हतं.

"आता परात द्या. मिरी द्या," बाई म्हणाल्या. "ही परात म्हणजे धक्क्याच्या भोवतीचा मुलूख. ज्या चौकीला वर, तिथं मिरी. ज्या चौकीला खाली, तिथं धणा. सगळ्या चौक्या मांडल्या की नक्षी दिसते. मिरी आणि धणे आळीपाळीनं चार फोडींत आले, तर भेगेच्या बाजू आडव्या सरकल्या. मधोमध सगळी मिरी, तर एक बाजू दुसरीवर चढली. किल्लारीला तसं झालं. आणि मधी धणे, कडंला मिरी, तर एक बाजू खाली खचली. माणूस जमिनीत मैलोगणती खाली उतरू शकत नाही, म्हणून वरनं असं वळखायचं. त्यात परत नक्षीत दोन रेघा निघतात, त्यातली खरी भेग कुठली हे दुसऱ्या खुणांवरनं शोधावं लागतंय. संशयित दोन, गुन्हेगार एक."

मला ते फार आवडलं. गल्लीतल्या भानगडींना हीच पद्धत लावायला पाहिजे, पहिला हिसका कुणाला कुठल्या बाजूनं बसला ते मांडायचं.

मग बाईंनी वारणेकडच्या एका धक्क्याची परात मांडली. कडेला मिरी, मिरी, मिरी आणि त्यांच्यामध्ये एकच धणा.

"हे कोण हो मिऱ्यांत आलेलं पावणं?" मी विचारलं.

"कोल्हापूरची चौकी," बाई म्हणाल्या. "आमच्या कागदावर हा पांढरा ठिपका असतो, बाकीचे काळे. हा खोटा धरला तर एक बाजू खचली असं सरळ दिसतंय. हा खरा धरला तर आडवं सरकलं म्हणायला सगळी नक्षी ओढूनताणून बसवावी लागती. दसऱ्यानंतरच्या सगळ्या धक्क्यांना हेच. पुण्याला वाटतंय, कांडपाच्या आवाजानं सुई आधीच हलत असती, म्हणून पयला हिसका चुकीचा वाचला जातोय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बरं," मी म्हणाले, "कांडप बंद. पुढचा धक्का येईतोवर मुसळ उचललं जाणार नाही. मग बघा."

अहो, मिरचीच्या दिवसांत कांडप बंद! बाया पोती घेऊन यायच्या आणि मी त्यांना सांगायची, "भूकंप झाला की या." मलकापूरहून आलेली एक बाई घाबरून पोतं तिथंच टाकून गेली आणि तिला परत आणायला आमच्या मालकांना एसटीनं पाठवावं लागलं. बाई, म्हणजे मॅडम, बाकीच्या चौक्या बघायला वारणेकडं गेल्या. आम्ही सगळे जमिनीकडं डोळे लावून बसलो. भूकंपाची एवढी आतुरतेनं वाट पाहणारी दुसरी गल्ली महाराष्ट्रात नसेल.

आणि एका सकाळी आला. भांडी खुळखुळली, छपराचा पत्रा थरथरला. गल्ली बाहेर, अण्णा आत. या वेळी मीही त्यांच्या मागं आत. कागद स्वच्छ, रेघ सरळ, कांडपाचा मागमूस नाही, आणि मग हिसका. अण्णांनी भिंग लावलं. मी त्यांच्या खांद्यावरनं बघत होते.

"खाली," अण्णा हळूच म्हणाले. "चोख खाली."

संध्याकाळी मॅडम आल्या. वारणेच्या बाजूच्या चौक्यांनी वर दाखवलं होतं, आमच्या शेजारच्या चौकीनंही वर. कोल्हापूर एकटं खाली.

मी सुटले. अण्णा अडकले. आता दोष मशीनचा नाही, म्हणजे वाचणाऱ्याचा. अण्णा खुर्चीवर असे बसले की मला त्यांची चेष्टा करवेना, यावरून काय ते समजा. रत्नव्वा म्हणाल्या, "साकु, पुरे झालं. पुण्याला जाऊ. लिफाफे तर लिफाफे." अण्णांनी मान हलवली. "लिफाफ्याचं काय न्हाय गं. खोटा म्हणून जायाचं..."

मॅडम मात्र कागदावर वाकून एकट्याच हसत होत्या.

"अण्णा, तुमचं डोळं खराब असतं, नाहीतर आवाजानं गोंधळ असता, तर कधी बरोबर आलं असतं, कधी चूक. तुमचं दसऱ्यापासून एकदाबी बरोबर आलेलं न्हाय. इतक्या नेमानं चुकायला अंगात शिस्त लागती. हे वाचणाऱ्याचं काम न्हाय. जवळपास खडीची खाण हाय काय?"

होती. तिथं सयाजी मुकादम दुपारी जेवणानंतर सुरुंग उडवायचे. अण्णा सुरुंगाकडं कधी बघायचेच नाहीत. कांडपासारखाच तो भाग सोडून द्यायचे, कारण पुण्याला सुरुंग नको असायचे.

"भेग हलली की एकीकडं रेटती, दुसरीकडं ओढती," मॅडम म्हणाल्या. "सुरुंग नुसता रेटतोय, चारी बाजूंनी. त्याच्या भोवती कुठंबी चौकी ठेवा, पयला हिसका वरच यायला पायजे. खाली आला तर जमिनीचा दोष न्हाय, आपला."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोलीत डब्याभोवती. लांबनं दबका आवाज आला, सुई हलली. खाली.

मॅडम उठल्या आणि सरळ खड्ड्याकडं गेल्या. झाकण उघडलं. आत डोकावल्या. मग त्यांनी हात घालून एक वाळलेला झेंडू बाहेर काढला. मागोमाग यंत्र. त्याच्या कपाळावर म्हणावं अशा जागी हळदकुंकवाची पाच बोटं, छान उठून दिसणारी.

"पूजा कवा केली?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले, मी रत्नव्वांकडं. रत्नव्वा ताठ मानेनं म्हणाल्या, "खंडेनवमीला. पूजा मी केली. पण वायरी ह्यांनी जोडल्या!"

झालं होतं ते एवढंच. यंत्र पुसायला वर घेताना अण्णांनी दोन्ही वायरी सोडवल्या. काजळीच्या हातांनी दोन्हींचा रंग एकसारखा झालेला. परत जोडताना हिची तिथं, तिची इथं. सुई थांबली असती तर लगेच कळलं असतं. पण ती बिचारी इमानानं हलतच राहिली. जमीन वर गेली की ही खाली, जमीन खाली गेली की ही वर. यंत्र दसऱ्यापासून शीर्षासनात उभं होतं आणि अण्णा त्याचं बोलणं शब्दशः कळवत होते.

मॅडम खड्ड्याच्या काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "अण्णा, म्हणजे तुम्ही एकदाबी चुकला न्हाई. दसऱ्यापासूनचं सगळं उलटं केलं की सगळंच खरं हाय. एक कागद वाया जात न्हाय." त्यांनी वायरी बदलून घट्ट केल्या. "पण पुणं माझ्या शब्दावर ऐकायचं न्हाय. आता उद्याच्या सुरुंगाला वर गेली पायजे. न्हाय गेली, तर माझ्याकडं दुसरं काय कारण उरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली चौकीच्या दारात. मॅडमनी सगळ्यांना चप्पल काढून मातीत बसवलं आणि दम दिला की कुणी उठायचं नाही. सयाजी मुकादमांना मी सकाळीच निरोप धाडला होता की आज जरा मोठा उडवा, आमच्या अण्णांच्या अब्रूचा सवाल आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला की अब्रूसाठी दारू वेगळी लागत नाही, रोजचीच पुरते.

अण्णा डब्यासमोर उभे. हातात भिंग. ते मला म्हणाले, आणि तो अबोल्यानंतरचा त्यांचा पहिला शब्द होता, "बाळाक्का, तू बघ. मला दिसंना."

"मी न्हाय बघणार," मी म्हणाले. "माझ्यावर तुमचा विश्वास कुठाय? तुमचं तुम्ही बघा."

लांबनं आवाज आला. काजळीवर सुई हलली. अण्णा वाकले. इतके वाकले की नाक कागदाला लागतंय की काय असं वाटलं.

"वर," अण्णा म्हणाले. मग मोठ्यानं, "वर हाय! मॅडम, वर!"

मॅडमनी बघितलं, मान डोलावली आणि तिथनं तडक माझ्या शेडात जाऊन पुण्याला फोन लावला. बराच वेळ इंग्रजी झालं. मग त्यांनी फोन अण्णांच्या हातात दिला. "साहेब बोलतेत. चौकी ऱ्हातीय."

अण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला. "व्हय साहेब. वर, साहेब. व्हय." आम्हाला वाटलं आता उपकार मानून ठेवतील. पण अण्णा घसा खाकरून म्हणाले, "साहेब, एक मागणं हाय. मी वर का खाली ते कळवतो. तुमी खचली का सरकली का चढली ते मलाबी कळवत जावा की. इतकी वर्सं निस्तं अर्धंच ऐकतोय."

पलीकडं काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, जवळ सरकूनसुद्धा. पण पुढच्या महिन्यापासून पुण्याहून निकाल यायला लागला. अण्णा तो घेऊन माझ्या शेडात यायचे आणि मिरची कुटून घ्यायला बसलेल्या बायांना परातीत मिरी-धणे मांडून समजावून सांगायचे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पेठ वडगावच्या धोंडुबाई शेवटपर्यंत मन लावून ऐकत होत्या. अण्णांना फार बरं वाटलं. त्यांनी विचारलं, "कळलं काय?"

"कळलं की," धोंडुबाई म्हणाल्या. "वारणेला एक बाजू खचली. पण भाऊ, ते मिरी आणि धणे माझ्या पोत्यातलं हाईत. झालं असंल सांगून, तर परत घाला."